डेलको : एका ठिणगीचा इतिहास

जुन्या पेट्रोल गाड्या दुरुस्त करणाऱ्या उस्तादाला विचारून बघा, इंजिनाच्या एकेका प्लगला पाळीपाळीने करंट वाटून देणाऱ्या त्या गोल टोपीच्या यंत्राचे नाव काय? पुस्तकात त्याला ‘डिस्ट्रिब्युटर’ म्हणतात. उस्ताद म्हणेल, ‘डेलको’. गाडी फियाट असो, ॲम्बॅसिडर असो की जुनी जीप, त्यावरचे ते यंत्र दुसऱ्याच कुठल्या कंपनीने बनवलेले असो, गॅरेजच्या भाषेत ते डेलकोच. ही आपल्याकडचीच गंमत नाही. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषेतही हाच शब्द याच अर्थाने रुळला आहे.

मी भाषा शिकवतो. एखादा परका शब्द शाळेच्या दारातून न येता गॅरेजच्या दारातून भाषेत येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो, तेव्हा त्याच्या मागे मोठा इतिहास असतो असा माझा अनुभव आहे. ‘डेलको’ या शब्दामागे ठिणगीचा इतिहास आहे. आज जगभर हौशी लोक सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या पिकअप ट्रकचे इग्निशन बदलून त्यावर इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. ते नेमके काय बदलतात आणि काय तसेच ठेवतात, हे समजायचे तर या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

प्रश्न वेळेचा

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते आणि दाबल्यावर तिला आग लावावी लागते. आग लावणे अवघड नाही. अवघड आहे ते वेळ साधणे. ठिणगी लवकर पडली तर वर येणारा पिस्टन उलटा ढकलला जातो, उशिरा पडली तर पेट्रोल जळते पण जोर मिळत नाही. इग्निशनचा सगळा इतिहास म्हणजे हा क्षण पकडण्याचा इतिहास आहे.

यामागचे विज्ञान जुने आहे. १८३१ साली मायकेल फॅरडेने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत वीज उत्पन्न होते. पुढे पॅरिसमधल्या रुमकॉर्फ या कारागिराने याच तत्त्वावर लांब ठिणगी पाडणारी कॉइल तयार केली आणि १८६० साली लन्वार याने आपल्या गॅस इंजिनात तीच कॉइल वापरली. म्हणजे विजेची ठिणगी मोटारगाडीपेक्षा वयाने मोठी आहे. तरीही डाइमलरसारख्या इंजिनकाराने सुरुवातीला तिच्यावर भरवसा ठेवला नाही. त्याने बाहेरून ज्योतीने लालबुंद तापवलेली नळी वापरली. नळी तापली की मिश्रण पेटत असे, पण पेट कधी घ्यायचा हे नीट कुणाच्या ताब्यात नसे.

जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १८९७ साली मोटार-ट्रायसिकलवर मॅग्नेटो बसवला आणि १९०२ साली त्याच कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. चुंबक फिरले की वीज तयार होते. पिस्टनवर चालणारी लहान विमाने आजही मॅग्नेटोवरच भरवसा ठेवतात. पण त्यात एक खोट होती. इंजिन जितके हळू फिरेल तितकी ठिणगी दुबळी. आणि इंजिन सर्वांत हळू केव्हा फिरते? सुरू करताना. म्हणजे ठिणगीची गरज सर्वांत जास्त असते, नेमकी तेव्हाच ती कमजोर असे.

हँडल मारणारा हात

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीने यावर स्वतःचा मार्ग काढला. तिच्या फ्लायव्हीलमध्येच चुंबके बसवलेली होती आणि ड्रायव्हरसमोर लाकडी पेटीत चार कॉइल होत्या, एका सिलिंडरला एक. या कॉइल मधमाशीसारख्या गुणगुणत आणि एका ठिणगीऐवजी ठिणग्यांची झड लावत. ठिणगी लवकर की उशिरा, हे ड्रायव्हर स्टिअरिंगखालच्या एका दांडीने ठरवायचा. १९२५ साली फोर्डने याच गाडीला कारखान्यातूनच मागे मालाची पेटी जोडून विकायला सुरुवात केली. आज आपण ज्याला पिकअप म्हणतो, त्या जातीच्या पहिल्या गाड्यांपैकी ती एक.

गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारायचे. ती दांडी ‘उशिरा’वर ठेवायला विसरले, तर ठिणगी लवकर पडे, इंजिन उलटी उसळी घेई आणि हँडलसकट माणसाचे मनगट फिरे. हात मोडणे ही तेव्हा नेहमीची गोष्ट होती. आजही जुने ड्रायव्हर सांगतात की हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांड्याभोवती गुंडाळू नये. ही शिकवण कुणाच्या तरी मोडलेल्या हाडांतून आलेली आहे.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर गल्ला मोजणाऱ्या कॅश रजिस्टरच्या कंपनीत नोकरीला होता. फावल्या वेळात तो आणि त्याचे साथी एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात काम करत. तिथे त्यांनी बॅटरीवर चालणारे इग्निशन तयार केले. ठिणग्यांची झड नको, योग्य वेळी एकच जोरदार ठिणगी हवी, हा त्यामागचा विचार. १९०९ साली कॅडिलॅक कंपनीने मोठी मागणी नोंदवली आणि ती पुरी करायला ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ उभी राहिली. या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडली की होते डेलको.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आला. बॅटरी, ती भरणारा जनरेटर, स्टार्टर, दिवे आणि ठिणगी, सगळे एका व्यवस्थेत बांधले गेले. हँडल मारण्याची सक्ती संपली आणि ज्यांच्या मनगटात तेवढा जोर नव्हता त्यांनाही गाडी चालवता येऊ लागली. फोर्ड मात्र आपल्या गुणगुणत्या कॉइलवर अडून राहिला. १९२७ च्या अखेरीस मॉडेल ए गाडी आली, तेव्हा तीतही बॅटरी, एक कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर होता. केटरिंगची रीत सगळ्यांची रीत झाली होती.

शेव्हर्लेच्या पिकअपमध्ये काय चालते

१९४७ साली शेव्हर्लेने गोलसर नाकाच्या नव्या पिकअप ट्रकची मालिका आणली. ती १९५५ पर्यंत चालली आणि आज हौशी लोकांची ती फार लाडकी आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्यात सहा सिलिंडरचे २१६ घन इंचाचे, सुमारे ९० हॉर्सपॉवरचे इंजिन होते. शेव्हर्लेची मालक जनरल मोटर्स ही कंपनी १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारी आणि ट्रक जोडत होती. परदेशी भाग नुसते जोडणाऱ्या कंपन्यांना इथे थारा नाही असे सरकारी धोरण ठरले आणि १९५४ साली तो कारखाना बंद झाला. त्यामुळे शेव्हर्ले आणि डेलको ही नावे मुंबईच्या कारागिरांनी पुस्तकात वाचली नव्हती, हाताळली होती.

या इंजिनाच्या डेलकोत टोपीखाली दोन छोटे धातूचे ठिपके असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट कॉइलच्या जाड तारेतून वाहतो आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. मधली दांडी फिरता फिरता पॉइंट उघडते. करंट तुटतो, क्षेत्र एकदम कोसळते, आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. टोपीतला रोटर तो १-५-३-६-२-४ या क्रमाने प्लगकडे पोहोचवतो. पॉइंट उघडताना करंटने तिथेच ठिणगी मारून ते जाळू नयेत, म्हणून शेजारी कंडेन्सर असतो.

ही व्यवस्था किती कष्ट करते पाहा. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या फिरत असेल तर सहा सिलिंडरना मिनिटाला ९,००० ठिणग्या लागतात, सेकंदाला १५०. म्हणजे ते दोन ठिपके सेकंदाला १५० वेळा उघडतात आणि मिटतात. त्यांच्यातली फट असते सुमारे ०.४ मिलिमीटर. ती उघडणारा फायबरचा तुकडा दांडीवर घासून झिजतो. तो झिजला की फट कमी होते, फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. गाडी मिसिंग करू लागते, ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते. मग उस्ताद टोपी उघडतो, पॉइंट घासतो, फिलर गेज घालून फट लावतो आणि कान इंजिनाकडे लावून डेलको किंचित फिरवतो. त्या किंचित फिरवण्यात वर्षांची उस्तादी असते.

एका सुधारणेचे बिल

केटरिंगची कहाणी इथेच थांबवली तर ती अर्धी सांगितल्यासारखी होईल. बॅटरी इग्निशन आले तेव्हा इंजिनातून ठोके ऐकू येतात अशी तक्रार सुरू झाली आणि प्रतिस्पर्ध्यांनी बोट केटरिंगच्या ठिणगीकडे दाखवले. शोध घेता दोष ठिणगीचा नसून इंधनाचा निघाला. त्यावरचा उपाय शोधताना केटरिंगच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजलीला १९२१ साली शिशाचे एक संयुग सापडले. ते पेट्रोलमध्ये मिसळले की ठोके थांबत. शिसे विषारी असते हे तेव्हाही माहीत होते. १९२४ साली न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत हे संयुग बनवताना पाच कामगार मरण पावले. तरी ते विकले गेले आणि जगभरच्या मुलांच्या रक्तात गेले. भारतात शिशाचे पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले आणि जगातून ते २०२१ मध्ये संपले.

ज्याने लाखो मनगटे वाचवली, त्याच्याच प्रयोगशाळेतून हे विषही बाहेर पडले. सुधारणा म्हटले की तिचे बिल कोण भरतो, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा, एवढे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

१९४७ : दोन जन्म

ज्या वर्षी तो गोल नाकाचा पिकअप आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. ट्रान्झिस्टर म्हणजे काहीही न हलता करंट चालू-बंद करणारा स्विच. डेलकोतले पॉइंट म्हणजे तरी काय? स्विचच, फक्त झिजणारा. दोघांची गाठ पडणार हे उघड होते, पण त्याला वेळ लागला. १९६३ साली अमेरिकेत पाँटिॲकवर ट्रान्झिस्टरचे इग्निशन पैसे जादा भरून मिळत असे. ते सर्वांच्या गाडीत आले ते कायद्यामुळे. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आणली. एक ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल सरळ हवेत जाते, म्हणून हजारो मैल न बिघडणारी ठिणगी हवी झाली. १९७३ साली क्रायसलरने आपल्या अमेरिकी गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिले आणि १९७५ साली जनरल मोटर्सने तेच केले. पॉइंटचे राज्य संपले.

जुन्या पिकअपवर नवी ठिणगी

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आज कुणी १९५० च्या शेव्हर्ले पिकअपवर इलेक्ट्रॉनिक किट बसवतो तेव्हा काय करतो? डेलकोची टोपी काढतो, पॉइंट आणि कंडेन्सर बाहेर काढतो. दांडीवर सहा छोट्या चुंबकांची कडी बसवतो आणि पॉइंटच्या जागी एक सीलबंद तुकडा. त्यातून दोन तारा कॉइलला जातात. टोपी पुन्हा लावली की बाहेरून काही बदलले असे दिसतही नाही. चुंबक समोरून गेले की तो तुकडा ओळखतो. हे ओळखणे ज्या तत्त्वावर चालते ते एडविन हॉलने १८७९ साली शोधले होते, म्हणजे मोटारगाडीच्याही आधी. नवे म्हणून जे विकले जाते, त्याचे मूळ किती खोल असते!

काम तासाभराचे असले तरी आधी चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, व्होल्ट. १९५५ मधल्या बदलापर्यंत हे पिकअप ६ व्होल्टचे होते, नंतर १२ व्होल्टचे. किट त्याच व्होल्टचे हवे. दुसरी, अर्थ. शेव्हर्लेत बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, तर त्या काळच्या ६ व्होल्टच्या फोर्डमध्ये पॉझिटिव्ह. इथे उलटसुलट झाले की नवा तुकडा क्षणात जळतो. तिसरी, कॉइल. १२ व्होल्टच्या गाड्यांत पॉइंट लवकर जळू नयेत म्हणून कॉइलच्या वाटेत रेझिस्टर घातलेला असतो. किटला मात्र पूर्ण १२ व्होल्ट लागतात. म्हणून किटची तार त्या रेझिस्टरच्या आधी जोडायची आणि कॉइल किटला सोसेल अशी निवडायची. चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित, डेलकोचे बुश. ते झिजून दांडी डुगडुगत असेल, तर ठिणगीही डुगडुगणार. नवे किट तो दोष कमी जाणवू देते, घालवत नाही.

मिळते काय? फट बिघडणे नाही, दर काही महिन्यांनी पॉइंट घासणे नाही, थंड सकाळी गाडी पटकन सुरू होते. न मिळणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. या इंजिनात मिश्रण सुमारे साडेसहा पटच दाबले जाते. एवढ्या दाबाला साधी ठिणगी पुरते. ठिणगी वाढवून घोडे वाढत नाहीत. शिवाय पॉइंट बिघडतात ते हळूहळू, कुरकुरत, आधी सांगून. ते रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरने घासून घरी पोहोचता येते. सीलबंद तुकडा गेला की एका झटक्यात जातो आणि तो उघडून दुरुस्त करता येत नाही. इंजिन बंद असताना चावी चालू राहिली तर काही किट जळूनही जातात. म्हणून जाणकार लोक किट बसवतात आणि काढलेला पॉइंट-कंडेन्सर कापडात गुंडाळून गाडीतच ठेवतात. मला ही सवय फार शहाणपणाची वाटते.

मग असा बदल केलेली गाडी अस्सल राहिली का? या इतिहासाच्या कसोटीवर पाहिले तर उत्तर सोपे आहे. कॉइल तीच, रोटर तोच, क्रम तोच, फॅरडेचा नियम तोच. बदलला तो फक्त झिजणारा स्विच, आणि स्विच बदलणे हेच तर या यंत्राने जन्मभर केले आहे. अस्सलपणा सुट्या भागात नसतो, तो यंत्र समजून घेण्यात असतो. न समजता ठेवलेले जुने आणि न समजता आणलेले नवे, दोन्ही सारखेच आंधळे.

काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. आपल्याकडे ट्रक आणि पिकअप डिझेलवर गेले, डिझेलला ठिणगीच लागत नाही. पेट्रोल गाड्यांची ठिणगी संगणकाने ताब्यात घेतली. आवाज ऐकून डेलको फिरवणारे उस्ताद आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्यात आपल्या समाजातले किती तरी आहेत, ज्यांनी शाळा लवकर सोडली आणि गॅरेजात धडे गिरवले. दहावीच्या विज्ञानात आपण मुलांना विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवतो. मुले व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. ज्याला व्याख्या ठाऊक नाही, त्या उस्तादाने मात्र तोच नियम आयुष्यभर बोटांनी चालवला. केटरिंगचे नाव इतिहासात नोंदले गेले, ते योग्यच आहे. पण ६ व्होल्टची अमेरिकी गाडी शिवडीचा कारखाना बंद झाल्यावरही, भाग मिळत नसताना, ज्यांनी चालती ठेवली त्यांची नोंद कुठल्या वहीत आहे?

शिक्षक आणि पालक म्हणून आपल्याला एक गोष्ट सहज करता येईल. तुमच्या मोहल्ल्यात, गावात असा उस्ताद असेल तर वही-पेन घेऊन त्याच्याकडे बसा, मुलांना सोबत न्या. डेलको उघडून दाखवायला सांगा. तो कोणते शब्द वापरतो ते लिहून घ्या, उर्दूत असोत, मराठीत असोत की मोडक्या इंग्रजीत. मराठीत जिला ठिणगी म्हणतात आणि उर्दूत चिंगारी, ती त्याच्या हातात दोन्ही नावांनी तशीच पडते. हा इल्म कागदावर उतरला नाही, तर पुढच्या पिढीकडे सीलबंद तुकडा तेवढा उरेल, आणि तो उघडता येत नाही.